कोकणातल्या कौलारू घरात चार रात्री : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सहा वर्षं आमची सुट्टी पुढे ढकलली जात होती. एका वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पुढच्या वर्षी मुलीची दहावी, मग यांची बदली. शेवटी निघालो ते थेट दापोली तालुक्यात, आंजर्ल्याला. नारळी-पोफळीच्या आगरातलं एक जुनं कौलारू घर चार रात्रींसाठी भाड्याने घेतलं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्यानंतर दर वर्षी त्याच पट्ट्यात जाणं होतं. ओळखीपाळखीतले लोक निघायच्या आधी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे. लिहिलंय ते दापोली, आंजर्ले, हर्णै, मुरूड या भागाबद्दल. गुहागर किंवा दिवेआगरला जाणाऱ्यांनाही त्यातलं बरंचसं कामी येईल.

आधी रात्री मोजा

गाव नंतर ठरवा. आधी किती रात्री राहणार ते ठरवा, आणि जमलं तर चारच्या खाली येऊ नका. जायचा दिवस प्रवासात जातो, परतीचाही जातो. दोन रात्री म्हणजे हातात एक दिवस उरतो, आणि त्या एका दिवसात माणूस किल्ला, देऊळ, समुद्र सगळं कोंबायला बघतो. चार रात्री घेतल्या की मधले तीन दिवस पूर्ण आपले. आणि त्या चारही रात्री एकाच घरात काढा. आम्ही पूर्वी एकदा तीन दिवसांत तीन गावं केली होती. रोज सकाळी बॅगा भरणं, चार्जर शोधणं आणि ओले कपडे पिशवीत कोंबणं, एवढंच त्यातलं लक्षात राहिलंय. खूप वर्षांनी सुट्टी मिळाली की सगळं बघून घ्यावंसं वाटतं, ते मला कळतं. पण थकलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे झोप लागायला लागते. तिसऱ्या दिवशी तो ओटीवर नुसता बसून राहू शकतो. ते दिवस मिळाले नाहीत, तर माणूस गेला तसाच दमून परत येतो.

तारीख ठरवताना तिथी बघा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सुखाचा काळ. सकाळी थोडी थंडी पडते आणि दुपार सुसह्य असते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. गर्दी तर असतेच, भाडंही चढतं. एप्रिल-मे म्हणजे आंबा, फणस, करवंदं आणि घाम. घाम सोसायची तयारी असेल तर जरूर जा, कारण आगरातला झाडपिका हापूस घरच्यांनी कापून पुढे ठेवला की उकाड्याची तक्रार आपोआप थांबते. पावसात कोकण फार देखणं असतं, पण समुद्रात उतरता येत नाही आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने त्या दिवसांत जाऊ नका. गणपतीत आणि शिमग्यात घरमालकांची स्वतःची मुलंबाळं मुंबई-पुण्याहून आलेली असतात, घर भरलेलं असतं. तेव्हा पाहुणे घेतले तरी घरच्यांची ओढाताण होते.

आता तिथीबद्दल. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, आणि तो मला आमच्या घरमालकीणकाकूंनी पहिल्या संध्याकाळी शिकवला. शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे चतुर्थीला पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमाराला. ओहोटी भरतीनंतर साधारण सहा तासांनी. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण फिरायला जायची वेळ ठरवायला पुरतो.

याचा सुट्टीशी संबंध असा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. म्हणजे नेमकं उजाडताना आणि सूर्य बुडताना पाणी लांब आत गेलेलं असतं, आणि पुळण रुंद, ओली, पायाखाली घट्ट मिळते. मैलभर चाललं तरी पाय दुखत नाहीत. अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळ-संध्याकाळ भरती असते, किनारा अरुंद होतो आणि कोरड्या भुसभुशीत वाळूत चालावं लागतं. म्हणून घर ठरवण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं हेही लक्षात ठेवा. दुपारी बाराच्या सुमाराला पाणी जोरात आणि वरपर्यंत चढतं, तेव्हा पोरांना घेऊन पाण्यात उतरायची ती वेळ नव्हे.

गाव : मुरूड दोन आहेत

हर्णैजवळचं मुरूड रत्नागिरी जिल्ह्यात, जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात. माझ्या एका मैत्रिणीच्या घरच्यांनी फोनवर नुसतं 'मुरूड' ऐकून आगाऊ पैसे भरले, आणि जंजिऱ्याला पोचल्यावर घर दापोलीकडचं निघालं. लहान मूल बरोबर, आणि उरलेला दिवस रस्त्यात गेला. तेव्हा गावाबरोबर तालुका आणि जिल्हाही विचारा.

या पट्ट्यातलं प्रत्येक गाव वेगळं आहे. मुरूड आणि कर्दे इथे वर्दळ जास्त, खाण्याची दुकानं जास्त, मोटारबोटी वगैरेही. हर्णै बंदराचं गाव. मासळी हवी त्यांना सोयीचं, पण सुक्या मासळीचा वास सोसत नसेल तर बंदराच्या अगदी जवळ घर घेऊ नका. आंजर्ले शांत, अजूनही पाखाड्यांचं (जांभ्याच्या पायऱ्यांच्या वाटांचं) आणि आगरांचं. वयस्क माणसं बरोबर असतील तर मी आंजर्लेच सुचवते.

फोनवर काय विचारायचं

फोटो बघून घर ठरवू नका. घरातल्या माणसाशी पाच मिनिटं बोला. चालवणारी बाई कशी बोलते यावरून चार दिवस कसे जातील ते बरंचसं कळतं. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा पलीकडून आलं, "या की. पण आमच्याकडे मासे-मटण नाही चालत हो, आधीच सांगते. मागाहून तुमचं मन खट्टू नको व्हायला." तिथेच मी घर पक्कं केलं.

मासे हवेत की नकोत हा प्रश्न खरंच सगळ्यात आधी सोडवा. इथल्या बऱ्याच घरांत शाकाहारीच रांधतात, आणि बाहेरून आणून खाल्लेलंही त्यांना चालत नाही. दुसऱ्या घरांत सुरमई-बांगड्याचं सुरेख जेवण मिळतं. दोन्ही प्रकारची घरं चांगली. फक्त आपण कुठल्या घरात जातोय ते माहीत हवं. दारू पिणाऱ्यांनीही आधी विचारावं, लपवून नेऊ नये. ते कुणाचं तरी राहतं घर असतं, तिथे देवघर असतं.

मग पाण्याचं विचारा. समुद्राजवळच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. "वहिनी, पाणी गोडं आहे का मचूळ?" एवढं विचारलंत तरी पलीकडच्या माणसाला कळतं की हे समजून येणारे लोक आहेत. संडास खोलीला जोडून आहे की परसदारी, हे आईवडील बरोबर असतील तर नीट विचारा. पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का तेही. रात्री अंधारात, दवाने ओल्या झालेल्या चिऱ्यांवरून परसात जाणं गुडघेदुखीच्या माणसाला जमत नाही. आमच्या आईसाठी आम्ही पहिली दोन घरं त्यावरूनच सोडली. गाडी दारापर्यंत येते का? आंजर्ल्यासारख्या गावात काही घरांना पाखाडीने, जांभ्याच्या पायऱ्या उतरून जावं लागतं. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? लहान मूल असेल तर विहिरीला कठडा आणि वर जाळी आहे का? तुमच्या फोनची रेंज तिथे येते का?

भाडं माणशी आहे की खोलीमागे, त्यात चहा-नाश्ता धरलाय का, जेवण थाळीवर की वेगळं, लहान मुलांचं कसं, हे सगळं बोलून झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत लिहून पाठवा आणि समोरून 'हो' येऊ द्या. आगाऊ रक्कम त्यानंतर. बेत रद्द झाला तर पैसे परत मिळतील का, हेही त्याच निरोपात असू द्या. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदवलेली घरंही असतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांना तो एक आधार वाटतो. आधार कार्डं सगळ्यांची न्या. बरोबर कुणी परदेशी पासपोर्टवर असेल तर ते आधीच सांगा, कारण त्यांची माहिती घरमालकाला २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते.

पोचायचं उजेडी

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून मंडणगडमार्गे दापोली, नाहीतर महाड, पोलादपूर, खेड करून दापोली. मुंबईकरांना कोकण रेल्वेने खेडला उतरता येतं. तिथून दापोली तीसेक किलोमीटर, एसटी मिळते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या दिवसांत लगेच भरतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत, तेव्हा आजी-आजोबांसह निघालेल्यांनी एसटीचा विचार जरूर करावा.

पेट्रोल दापोलीत भरून घ्या, थोडी रोख रक्कमही तिथेच काढा. आणि काहीही झालं तरी सूर्य मावळायच्या आत घर गाठा. आम्ही पहिल्या वेळी माणगावला जेवायला रेंगाळलो आणि आंजर्ल्यात शिरलो तेव्हा मिट्ट काळोख होता. मोबाइलवरचा नकाशा आम्हाला एका आगराच्या गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) घेऊन गेला आणि तिथे रस्ताच संपला. काकूंचा मुलगा बॅटरी घेऊन शोधत आला म्हणून सुटलो. तेव्हापासून मी नकाशावर विसंबत नाही. गावातलं देऊळ किंवा शाळा अशी एक खूण विचारून घेते आणि तिथून फोन करते.

पिशवीत काय

सुती कपडे, नेहमीपेक्षा एक जोड जास्त, कारण दमट हवेत काही वाळत नाही. बॅटरी. ओडोमॉस. नेहमीची औषधं दोन दिवसांची जास्त. चिखला-वाळूत धुता येतील अशा चपला. एक जुनी चादर, अंगणात अंथरायला. मोठ्याने गाणी लावायचा स्पीकर घरीच ठेवा. रात्री आठनंतर तिथे शेजारच्या घरातलं बोलणंही ऐकू येतं.

पहिली संध्याकाळ

पोचल्यावर लगेच समुद्राकडे धावू नका. आधी हातपाय धुऊन घर बघून घ्या. पुढे अंगण, मग ओटी, आत माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, परसात न्हाणीघर आणि विहीर. कुठल्या खोलीत जायला मोकळीक आहे, स्वयंपाकघरात चपला चालतात का (बहुतेक नाही चालत), हे विचारून घ्या. देवघरासमोरून जाताना लहान मुलांना जरा सांभाळा.

गाडी माडाखाली लावू नका. नारळ पडतो तसा सुकलेला झावळही पडतो, आणि तो चांगला जड असतो. खाट किंवा खुर्ची अंगणात ओढून बसायचं असेल तर वर बघून बसा. फळं, बिस्किटं ओटीवर उघडी ठेवू नका, माकडं येतात.

पहिल्या रात्री आमची झोप वारंवार मोडली. कौलांवर काहीतरी घरंगळायचं, पोफळीत काहीतरी खसकन खाली यायचं, लांबवर समुद्राचा एकसुरी घोष. सकाळी बघितलं तर अंगणात एक मोठी विरी पडली होती, पोफळीच्या झावळाचं ते रुंद, चामड्यासारखं बूड. काकूंच्या नातीने आमच्या मुलीला तिच्यावर बसवून सगळं अंगण ओढत फिरवलं. दुसऱ्या रात्री तेच सगळे आवाज होते, आणि आम्ही सहा वाजेपर्यंत गाढ झोपलो.

जेवणाची वेळ पाळा

इथलं जेवण हॉटेलसारखं नसतं. तुमच्यासाठी तांदूळ मोजून घेतलेले असतात, नारळ खवलेला असतो. रात्रीचं जेवण सकाळी सांगा, सकाळचा नाश्ता आदल्या रात्री. "उद्या किती घावन लावू?" असं काकू विचारतील तेव्हा खरा आकडा सांगा. उकडीचे मोदक हवेत तर एक दिवस आधी. बाहेर जेवून येणार असाल तर न चुकता कळवा. पनीर आणि नूडल्स मागू नका; कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, आंबोळी, जे त्यांच्या हाताला रोजचं आहे ते मागा. आमची मुलगी भाजी न खाणारी. तिने काळ्या वाटाण्याची आमटी दोनदा मागून घेतली.

मधले तीन दिवस

दिवसाला एकच ठिकाण. एका संध्याकाळी कड्यावरचा गणपती: डोंगरावरचं जुनं देऊळ, उजव्या सोंडेची मूर्ती, आणि वाटेवरून खाली माडांची दाट बाग आणि समुद्र दिसतो. दुसऱ्या संध्याकाळी हर्णैचा मासळी लिलाव, चार-साडेचारनंतर. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बोली लागते. फोटो काढायचे तर माणसांना विचारून, आणि वाटेत उभं राहू नका, त्यांची कामाची वेळ असते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यांतला हा एक. किल्ल्यात जायचं तर सकाळी होडीने, समुद्र शांत असताना, आणि जीवरक्षक जाकीट अंगावर चढवूनच.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान गेलात तर आंजर्ल्याला आणि मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसू शकतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला हे काम २००२ साली सुरू केलं, पुढे गावकरी आणि वनखातं त्यात आले. घरट्यांतून पिल्लं बाहेर आली तरच ती सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. तेव्हा आदल्या दिवशी घरमालकांना विचारून ठेवा, आणि नाहीच दिसली तर त्या माणसांवर चिडू नका. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद, पिल्लाला हात लावायचा नाही. तळहाताहून लहान असतात ती. एक पिल्लू लाटेने चार वेळा मागे फेकलं आणि पाचव्यांदा दिसेनासं झालं, तेव्हा आमच्या आजूबाजूला उभे असलेले चाळीसेक लोक एकदम सुस्कारले.

दुपारी झोपा. त्यासाठीच आलोय आपण.

समुद्र आणि विंचू

या किनाऱ्यांवर सगळीकडे जीवरक्षक नसतात. पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नका, आणि जायचंच तर आधी गावातल्या माणसाला जागा विचारा. खाडीच्या मुखाशी कधीच उतरू नका, तिथे ओहोटीला पाण्याची ओढ भलतीच असते. गाडी पुळणीवर नेऊ नका. दर सुट्टीत कुणाची तरी रुतते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

जांभ्याच्या भिंतींत, लाकडांच्या ढिगाऱ्यात, कौलांत विंचू असतो. कोकणातला लाल विंचू विषारी आहे, लहान मुलांना त्याचा धोका जास्त. चप्पल झटकून घाला, अंथरूण झटकून घ्या, रात्री परसात बॅटरीशिवाय जाऊ नका. चावलाच तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार याच कोकणात काम करून रुजवला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. औषध आहे, फक्त माणूस वेळेत पोचला पाहिजे. जवळचं आरोग्य केंद्र कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आम्हाला आजवर गरज पडली नाही, तरी मी दर वेळी विचारते.

निघताना

हिशोब आदल्या रात्री करा, सकाळी घाई होते. कामाला मदत करणाऱ्या बाईंना वेगळे पैसे द्या, त्यांच्या हातात. कोकमं, आगळ, कुळीथपीठ, पोह्याचे पापड घरच्यांकडूनच विकत घ्या. हंगाम असेल तर आंब्याची पेटीही. भाव करत बसू नका, त्या पेटीमागचं वर्षभराचं राखणं तुम्ही चार दिवस डोळ्यांनी पाहिलेलं असतं. खोलीतला प्लास्टिकचा कचरा गोळा करून दापोलीपर्यंत आपल्याबरोबर न्या, गावात तो उचलून न्यायची सोय नसते.

काकू निघताना पाच-सहा सोललेले नारळ हातात देतातच. ते डिकीत सुटे टाकू नका, घाटातल्या वळणांवर गडगडत राहतात. त्या जुन्या चादरीत गुंडाळून, घट्ट गाठ मारून कोपऱ्यात ठेवा.